"सोय आहे का?" एवढंच विचारू नका: मुंबईतलं वस्तुसंग्रहालय पाहायला निघण्यापूर्वी

मुंबईतल्या कुठल्याही जुन्या वस्तुसंग्रहालयात फोन करून "दिव्यांगांसाठी सोय आहे का?" असं विचारलं, तर बहुतेक वेळा उत्तर येतं, "हो, आहे ना." सांगणारा खोटं बोलत नसतो. मागच्या दाराला लावलेली लाकडी फळी आणि कोपऱ्यात दुमडून ठेवलेली व्हीलचेअर त्याने पाहिलेली असते, आणि त्याच्या लेखी सोय म्हणजे तेवढंच. तुम्ही मात्र डोंबिवलीहून किंवा विरारहून अर्धा दिवस मोडून येता आणि मग कळतं की फळीचं दार आज बंद आहे.

म्हणून प्रश्न बदलायला हवा. व्हीलचेअर किंवा कुबड्या वापरणाऱ्या, अंध, कर्णबधिर किंवा गर्दी-गोंगाटाचा त्रास होणाऱ्या माणसाला घेऊन जे पहिल्यांदाच म्युझियमला निघालेत, त्यांच्यासाठी आणि एकट्याने निघालेल्या दिव्यांग वाचकांसाठी हे लिहिते आहे. माझी जवळची मैत्रीण व्हीलचेअर वापरते, एक मित्र पूर्ण अंध आहे, आणि या शहरातली दालनं मी त्या दोघांसोबतच जास्त पाहिली आहेत.

आधी ठिकाण ठरवा

पहिल्याच वेळी सगळ्यात अवघड जागा निवडू नका. घारापुरीची लेणी डोळ्यांपुढे येतात हे खरं, पण तिथे गेटवेहून सुमारे तासभराची लाँच आहे, चढता-उतरताना हलणाऱ्या बोटीत पाय टाकावा लागतो आणि धक्क्यापासून पुढे जवळपास 120 पायऱ्या आहेत. डोलीवाले मिळतात. पण चार अनोळखी माणसांच्या खांद्यावर बसणं प्रत्येकाला मान्य असेलच असं नाही, आणि ते ज्याचं त्यानेच ठरवायचं. मणिभवन हे गावदेवीतलं एक राहतं घर. 1917 ते 1934 या काळात गांधीजी मुंबईत आले की तिथे उतरत. ग्रंथालय खाली आहे, पण त्यांची खोली वर, आणि घराचा जिना घरासारखाच. तिथे जायचं तर वर कसं जायचं याचं उत्तर आधी मिळवा.

सुरुवातीला दोन ठिकाणं मला बरी वाटतात. पहिलं काळाघोड्याचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, ज्याला जुनी माणसं अजून ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ म्हणतात. कोनशिला 1905 ची, इमारत जॉर्ज विटेट यांच्या आराखड्याची. पहिल्या महायुद्धात तिचा लष्करी रुग्णालय म्हणून वापर झाला आणि संग्रहालय म्हणून ती 1922 मध्ये लोकांना खुली झाली. भोवती मोठी बाग आहे. दमलेल्या माणसाला बाहेर येऊन झाडाखाली बसता येतं, आणि त्याचं मोल दुसऱ्या तासाला कळतं. दुसरं भायखळ्याच्या राणीबागेतलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, 1872 पासूनचं. ते आटोपशीर आहे, तळमजल्यावरच पाहण्यासारखं बरंच आहे, आणि मुंबईतले जुने व्यवसाय, माणसं, नावा यांच्या छोट्या प्रतिकृती मुलांना खिळवून ठेवतात. ते बुधवारी बंद असतं. घारापुरी सोमवारी बंद.

मग फोन, आणि नेमके प्रश्न

उत्तरात ‘हो’ किंवा ‘नाही’ येऊच शकणार नाही असे प्रश्न विचारा. मुख्य दाराला किती पायऱ्या आहेत? व्हीलचेअर कुठल्या फाटकातून आत घेता? ते फाटक रोज उघडं असतं, की कुणाला तरी बोलवून उघडून घ्यावं लागतं? तिकीट खिडकीपासून दारापर्यंत खाली काय आहे, फरशी, खडी की माती? लिफ्ट कुठल्या मजल्यापर्यंत जाते आणि आज चालू आहे का? व्हीलचेअर आत जाईल असं स्वच्छतागृह कुठल्या बाजूला आहे?

माझ्या मैत्रिणीचा फोन साधारण असा चालतो:

"नमस्कार दादा, मी व्हीलचेअरवर असते. शुक्रवारी अकरा वाजता यायचंय. मला कुठल्या गेटला यावं लागेल?"

"या ना मॅडम, काही प्रॉब्लेम नाही. आमची माणसं उचलून घेतात."

"उचलायचं नाही दादा. रॅम्प आहे का, आणि तो कुठे आहे, एवढं सांगा."

"रॅम्प... थांबा हं, विचारून सांगतो."

त्या ‘विचारून सांगतो’ नंतर जे कळतं ते खरं. उचलून घेण्याची तयारी मनापासूनची असते, त्याबद्दल राग नको. पण खुर्चीसकट उचललेल्या माणसाच्या हातात काहीच उरत नाही. कुणाचा हात सटकला तर पडणारा तोच. शिवाय उचलणाऱ्यांची कंबरही जाते.

शेवटी सांगणाऱ्याचं नाव विचारून लिहून ठेवा. शुक्रवारी फाटकावर कुणी हुज्जत घातली तर "काल अमुक यांच्याशी बोलणं झालंय" या एका वाक्याने दार लवकर उघडतं.

स्वच्छतागृहाचा प्रश्न संकोचाने गाळू नका. शहरातल्या एका संग्रहालयात दिव्यांगांच्या स्वच्छतागृहावर पाटी होती, आत मात्र बादल्या, झाडू आणि मोडकी खुर्ची. ते रिकामं होईपर्यंत मैत्रिणीला बाहेर थांबावं लागलं. त्या दिवसापासून आम्ही "ते वापरात आहे का, त्यात सामान ठेवलंय का?" असं सरळ विचारतो. बाहेर जाताना सकाळपासून पाणीच न पिण्याची सवय अनेक दिव्यांग बायकांना लागलेली असते. तिचं कारण अशा बंद दारांमागे आहे.

वार आणि वेळ

मंगळवार ते शुक्रवार, सकाळी उघडल्या उघडल्या. भाऊ दाजी लाडला जायचं तर बुधवार सोडून. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली असतात. घुमटाखाली शे-दोनशे मुलांचा आवाज घुमायला लागला की श्रवणयंत्र लावणाऱ्याला समोरच्याचं बोलणं तुटक ऐकू येतं, आणि स्वमग्न मुलाला तो आवाज अक्षरशः दुखतो. सहल कधी आहे हेही फोनवर कळतं. पावसाळ्यात दगडी पायऱ्या आणि गुळगुळीत फरशी निसरडी होते. कुबड्यांची खालची रबरं झिजली असतील तर आधी बदला, किरकोळ खर्चात काम होतं.

पोहोचायचं कसं

लोकलने यायचं तर सीएसएमटी आणि चर्चगेट ही दोन शेवटची स्थानकं सोयीची, कारण फलाट थेट मोकळ्या दालनात उघडतात, पूल चढावा लागत नाही. दिव्यांगांचा डबा फलाटावर कुठे येतो त्या जागी खूण असते, आणि बऱ्याच स्थानकांवर अंधांसाठी बीप-बीप आवाजही. डबा आणि फलाट यांच्यातली फट मात्र तशीच आहे, त्यामुळे सकाळ-संध्याकाळची गर्दी टाळा. लोकलसाठी अकरा ते चार ही वेळ बरी, मग उघडल्या उघडल्या पोहोचणं जमलं नाही तरी चालेल. मेट्रो 3 आता कफ परेडपर्यंत जाते. काळाघोड्यासाठी हुतात्मा चौक स्थानकावर उतरायचं. जिन्याशिवाय वर यायला लिफ्ट आहे, पण ती कुठल्या दिशेला रस्त्यावर उघडते हे आतच कर्मचाऱ्याला विचारा. चुकीच्या बाजूला निघालात तर मधे महात्मा गांधी रोडची रहदारी.

स्थानकापासून संग्रहालयापर्यंतचा तुकडा नकाशावर छोटा दिसतो आणि व्हीलचेअरवर तोच सगळ्यात मोठा ठरतो. पेव्हर ब्लॉकच्या सांध्यात पुढची छोटी चाकं अडकतात. फुटपाथच्या तोंडाशी दुचाकी चढू नयेत म्हणून रोवलेले खांब इतके जवळ असतात की खुर्ची आत जातच नाही. 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या खांबांची स्वतःहून दखल घेतली होती. तरीही आजच्या दिवशी रस्ता कसा आहे ते पाहूनच ठरवा, आणि शंका असेल तर हे अंतर टॅक्सीने काटा.

टॅक्सीची एक गंमत नवख्यांना माहीत नसते. डिकीत सीएनजीची टाकी असते, त्यामुळे दुमडलेली व्हीलचेअर तिथे मावत नाही. कॅरियर असेल तर वर बांधावी लागते, नाहीतर मागच्या सीटवर उभी घालून सोबत्याने पुढे बसायचं. घरून निघताना पिशवीत एक जाड दोरी ठेवा. मागची चाकं बटण दाबून निघणारी असतील तर ती आधी काढा, खुर्ची निम्म्याने लहान होते. चालक बहुतेक वेळा मदत करतात, फक्त कुठे धरायचं ते तुम्ही सांगा. हात टेकायच्या दांड्या निघून येतात, त्यांना धरून उचललं तर खुर्ची खाली पडते.

फाटकावर

दिव्यांगांचं वैश्विक ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड, सोबत असू द्या. तिकिटात सवलत आहे का, सोबत्याला आहे का, हे खिडकीवर विचारा. प्रत्येक ठिकाणचा नियम वेगळा असतो. पिशव्या जमा करायला सांगतात, तेव्हा औषधं, कॅथेटरचं सामान, पाण्याची बाटली असलेली पिशवी जमा करू नका. शांतपणे कारण सांगितलं की पुरतं. पांढरी काठी आणि कुबड्या या पिशव्या नव्हेत, त्या कुणीही काढून घेऊ शकत नाही.

सुरक्षारक्षक दिव्यांग माणसाला सोडून सोबत्याला विचारतो, "यांना काय पाहायचंय?" सोबत्याने उत्तर देऊ नये. मान वळवून त्याच माणसाकडे पाहावं. पुढचा प्रश्न बरोबर माणसाला विचारला जातो.

रॅम्प पाहायला शिका

हे प्रत्येकाला यायला हवं, म्हणून थोडं थांबून सांगते. इमारती दिव्यांगांना वापरता याव्यात यासाठीच्या भारतातल्या 2021 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रॅम्पचा चढ 1:12 पेक्षा तीव्र नको. म्हणजे दाराशी 15 सेंटिमीटरच्या दोन पायऱ्या असतील तर चढायची उंची 30 सेंटिमीटर, आणि रॅम्प किमान 3.6 मीटर लांब. दोन पायऱ्यांवर टाकलेली हातभर फळी रॅम्प नसते, ती घसरगुंडी असते. तिच्यावरून जायचंच असेल तर चढताना सोबती मागे आणि उतरताना खुर्ची उलटी, म्हणजे बसलेल्या माणसाची पाठ उताराकडे, सोबती खाली. सरळ तोंडाने उतरवलेली खुर्ची कितीही जोर लावला तरी आवरत नाही.

दाराची मोकळी रुंदी 900 मिलिमीटर हवी. आपल्या खुर्चीची रुंदी हाताने फिरवायच्या कड्यांसकट घरीच मोजून ठेवा, मग फोनवर "दार किती रुंद?" याला अर्थ येतो. जुन्या इमारतींत दार रुंद असतं, अडतं ते उंबरठ्यावर. पुढची चाकं किंचित उचलून ओलांडायचा सराव घरच्या उंबरठ्यावर करून घ्या.

आत: थोडं पाहा, नीट पाहा

सगळी दालनं करायचा हट्ट नको. दोन दालनं, मधे बाग, मग हवं तर तिसरं. खुर्चीवरून पाहताना काचेच्या पेटीतली वस्तू डोळ्यांच्या वर राहते आणि दिव्याची तिरीप काचेवर पडते. खुर्ची थोडी तिरकी लावली की तिरीप हटते. वर ठेवलेल्या लहान वस्तूचा मोबाइलवर फोटो काढून मोठा करून दाखवता येतो, फोटोचा नियम मात्र आधी विचारा.

अंध माणसाला घेऊन जाताना त्याला ओढू नका. तो तुमचं कोपर धरेल, तुम्ही अर्धं पाऊल पुढे. पायरीच्या आधी थांबून "तीन पायऱ्या, वर" असं सांगा. "इकडे", "तिथे" हे शब्द त्या दिवसापुरते बाजूला ठेवा.

वर्णन करणं ही शिकायची गोष्ट आहे. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारातला दगडी हत्ती घ्या. नवखा सांगतो, "हा खूप जुना, सुंदर हत्ती आहे." यातून काहीच कळत नाही. माझा मित्र म्हणतो, आधी माझ्या शरीराच्या मापात सांग, मग आकार, मग दगड, गोष्ट शेवटी. म्हणजे असं: "तुझ्यासमोर उभा हत्ती आहे. त्याची पाठ तुझ्या डोक्यापेक्षा वर जाते, लांबीला तो तुझ्या दुपटीहून जास्त आहे. चारही पाय जाड खांबांसारखे सरळ. दगड गडद रंगाचा. तो अखंड नाही, तुकडे जोडून उभा केलाय." मग गोष्ट: हा हत्ती घारापुरीचा, याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. 1864 मध्ये इंग्लंडला न्यायला उचलताना तो पडून फुटला, तुकडे या बागेत आणले गेले आणि 1914 मध्ये पुन्हा जोडले गेले. आता मित्र प्रश्न विचारायला लागतो: सोंड कुठे तुटलीय? जोड भरलेत की उघडे आहेत? तिथून पाहणं सुरू होतं.

हात लावण्याबद्दल स्पष्ट बोलावं. मूळ कांस्यमूर्ती, चित्रं, कापड यांना हाताचा घाम आणि तेल खरंच इजा करतात, तिथे ‘नाही’ म्हणतात ते योग्य आहे. पण स्पर्शासाठी प्रतिकृती ठेवता येतात, काही भक्कम दगडी शिल्पांना हातमोजे घालून हात लावू देता येतो, त्यामुळे "स्पर्शासाठी काय आहे?" हे आदल्या दिवशी शिक्षण विभागाला विचारा. मागणी गेल्याशिवाय असे उपक्रम वाढत नाहीत. आणि इमारत तर हाताखालीच असते. काळाघोड्याच्या संग्रहालयाच्या भिंतींत कुर्ल्याचा करडा बेसाल्ट आणि मालाडचा पिवळसर दगड आहे. बाहेरच्या भिंतीवर दोन्हींवरून तळहात फिरवू द्या, मुंबईतल्या कितीतरी जुन्या इमारती याच दोन दगडांच्या आहेत.

कर्णबधिर माणसासोबत असाल तर ऑडिओ गाइडचा लिखित मजकूर मागा. तो कुठेतरी लिहिलेला असतोच, त्याशिवाय ध्वनिमुद्रण होत नाही. मार्गदर्शकाला सांगा की वस्तूकडे पाहत बोलू नका, आधी आमच्याकडे तोंड करून बोला, मग वस्तू दाखवा. एकाच वेळी ओठ, हात आणि मूर्ती असं तिन्ही कुणाला पाहता येत नाही. गट मोठा असेल तर भारतीय सांकेतिक भाषेचा दुभाषी हवा. वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग संस्थेत दुभाष्यांचं प्रशिक्षण होतं, तिथून चौकशी सुरू करता येईल. दुभाष्याची वेळ बरीच आधी ठरवावी लागते.

स्वमग्न किंवा बौद्धिक दिव्यांग मुलाला आदल्या संध्याकाळी दार, घुमट, पहिलं दालन यांचे फोटो दाखवा. कान झाकणारे हेडफोन आणि ओळखीची एक वस्तू जवळ ठेवा. आत गेल्यावर सगळ्यात आधी शांत कोपरा शोधा, पाहायचं नंतर. मूल वाघाच्या पेटीसमोर बराच वेळ उभं राहिलं तर राहू द्या. तेच त्याचं म्युझियम.

"वारसा वास्तू आहे, बदल करता येत नाही"

हे वाक्य ऐकायला मिळेल. त्यात अर्धं सत्य आहे. 1995 च्या वारसा नियमावलीमुळे मुंबईतल्या यादीतल्या इमारतींना परवानगीशिवाय हात लावता येत नाही, आणि हे चांगलंच झालं. पण हलवता येणारा रॅम्प, मोठ्या अक्षरांचे फलक, ब्रेल पुस्तिका, खाली आणलेला तिकिटाचा काउंटर, झाडू-बादल्यांशिवायचं स्वच्छतागृह यासाठी एक दगडही हलवावा लागत नाही. ज्या भिंती सगळ्यांच्या वारशाच्या म्हणून जपायच्या, त्यांच्या आत येणाऱ्यांतून काहींना वगळायचं, हे मला पटत नाही.

कायदाही तसंच सांगतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये लोकांच्या वापरातल्या इमारती येतात, मग त्या सरकारी असोत की खासगी. जुन्या इमारती सुगम, म्हणजे दिव्यांगांना वापरता येतील अशा, करायला नियम निघाल्यापासून पाच वर्षं दिली होती. नियम जून 2017 चे, म्हणजे मुदत 2022 मध्येच संपली. नोव्हेंबर 2024 मध्ये राजीव रतुडी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सुगम्यतेचे किमान निकष नुसते शिफारशीचे ठेवून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत.

याचा उपयोग फाटकावर आवाज चढवायला करू नका. वॉचमनच्या हातात काही नसतं. घरी येऊन संचालकांच्या नावे लिहा: तारीख, वेळ, काय अडलं, फोटो, आणि काय केलं तर सुटेल. उत्तर आलं नाही तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्त कार्यालयाकडे तक्रार करता येते. अभिप्राय वहीतही नोंद करा. ज्याने नीट मदत केली त्याचं नाव त्याच पानावर लिहा. अशी नोंद वरच्यांपर्यंत गेली की त्या माणसाचं ऐकलं जातं.

आणि जे पाहिलंत ते पुढच्यासाठी ओळखीच्या ग्रुपवर टाका: कुठलं फाटक, किती पायऱ्या, रॅम्प किती लांब, लिफ्ट कुठवर, स्वच्छतागृह वापरात आहे की नाही, बसायला बाकं किती अंतरावर. वर तारीख टाकायला विसरू नका, कारण सहा महिन्यांत दुरुस्तीसाठी एखादं दालन बंद झालेलं असतं आणि जुन्या माहितीवर निघालेलं कुटुंब पुन्हा त्याच बंद दाराशी येतं.